चादर बदलताना

रुवीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत,
मनी एक्स्चेंजच्या पोटमाळ्यावर माझी दोन टेबलं आहेत.
एक फॉर्मायकाचं, डुगडुगणारं.
त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली की भागतं.
दुसऱ्यात भाव राहतात : रुपया, टाका, पेसो, बिर्र,
एकशे त्रेसष्ट ओळी,
आणि खालच्या नऊ खिडक्या
सतत त्यात डोकावत असतात.

पहिल्या वर्षी मी अडाण्यासारखं केलं.
कुलूप घातलं, रिकामं केलं, भरलं, कुलूप काढलं.
चव्वेचाळीस सेकंद.
पगाराची तारीख होती. रांग लाँड्रीपर्यंत गेलेली.
नऊ पडदे गोठले
आणि खाली कुणीतरी काचेवर नाणं आपटू लागलं,
टक्, टक्, टक्,
एसीच्या घरघरीतूनही ते मला वर ऐकू येत होतं.

खालच्या मजल्यावरची फिलोमिना वसईची,
घाल्याच्या इस्पितळात नर्स.
ती म्हणाली, अरे, उठता न येणाऱ्या माणसाखालची
चादर आम्ही रोज बदलतो.
जुनी गुंडाळत पाठीपर्यंत आणायची,
अर्ध्या खाटेवर नवी अंथरायची,
मग त्याला हळूच कुशीवर वळवायचं.
त्याला कळतंच असं नाही.
अंगाला जरा गार लागतं, एवढंच.

तेव्हापासून मी शेजारी दुसरं टेबल मांडतो.
कुणाचं लक्ष नसताना सावकाश भरतो,
ओळी मोजतो, पुन्हा मोजतो,
आणि मग नावांची अदलाबदल :
याचं त्याला, त्याचं याला.
पापणी लवायच्या आत.

पण तेवढ्या लवण्यापुरतं तरी
कुणाचाच हात आत नको असतो.

काल मगरिबनंतर नवे भाव आले.
मी तयार. आणि खिडकी चार आत.
एक मिनिट. तीन. सहा.
परकारने व्यवहार उघडून ठेवलेला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी :
मी दाराशी उभा राहून वाट पाहू लागलो
की माझ्यामागून येणाराही थांबतो,
त्याला नुसतं वाचायचं असलं तरी.
कपाट खांद्यावर घेऊन जिन्यात थांबलेल्या माणसासारखं;
तो काही करत नाही, फक्त थांबलाय,
आणि सगळी चाळ खोळंबते.
म्हणून मी दोनच सेकंद थांबतो. मागे सरतो.
इतरांना जाऊ देतो. पुन्हा येतो.
पाच वेळा आलो, पाच वेळा सरलो.

एक आज्ञा, एक आकडा,
खिडकी चारचं सगळं पुसून मोकळं करता आलं असतं.

जिना उतरून पाहिलं.
काचेपलीकडे निळ्या डांगरीतला माणूस,
घामाने मऊ झालेला कागद,
त्यावर बंगाली आकड्यांत खाते क्रमांक.
बंगाली चार दिसतो इंग्रजी आठासारखा.
परकार आठ म्हणतो, तो मान हलवतो,
फोन स्पीकरवर, पलीकडे एक बाई
एकेक आकडा सोलून दिल्यासारखा देतेय,
मधेच कोंबडं ओरडतं, पुन्हा पहिल्यापासून.
पडद्यावर त्याला सांगितलेला भाव : जुना.
नव्यापेक्षा थोडासा बरा.
त्या थोड्याशात तिकडे काय येतं, मला माहीत नाही.

मी वर आलो.
सहाव्यांदा सरलो. सातव्यांदाही.
आठव्यांदा दार मोकळं होतं.
अकरा मिलिसेकंद.
खाली फलकावरचे लाल आकडे बदलले,
रांगेतलं कुणी वरही बघितलं नाही.
त्याच्या पाठीमागच्याला मात्र नवा भाव पडला.
त्याला काही मी पुरा पडलो नाही.

जुनं टेबल मी लगेच टाकत नाही.
नाव बदलून सकाळपर्यंत कोपऱ्यात असू देतो.
फिलोमिना म्हणते,
काढलेली चादर झटकल्याशिवाय धुवायला देऊ नये,
कधी कधी तिच्यात पेशंटची अंगठी निघते.