लेव्हल बुकातली एक ओळ

मे महिन्यात शुक्रवारी तलाव
काठापासून वीस पावलं मागे सरतो,
तेवढ्यात आम्ही कामं उरकून घेतो.
सकाळी सहाला ट्रायपॉड रोवायचा,
साडेनवाला गुंडाळायचा.
त्यानंतर भिंगात सगळंच थरथरतं,
कॉटन मार्केटचे पत्रे, मेट्रोचा खांब,
खांबावरचा नंबरसुद्धा.

स्टाफ धरायला केवलराम बागमारे.
मस्टरवर: मजूर, अकुशल, वय छप्पन्न.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
तो चिखलात असा उभा राहतो की
पट्टीवरचा लाल आकडा हलत नाही.

नकाशात इथे निळी पट्टी आहे:
लाकडासारखं दिसणारं काँक्रीट,
बाक, ई-रिक्षांचा थांबा,
आणि स्टेशनातून उतरणारा पूल,
ज्यावरून येणाऱ्याला
सगळ्यात आधी पाणी दिसलं पाहिजे.
हे वाक्य अहवालात अधोरेखित आहे.
मला ते आवडलं होतं. अजूनही आवडतं.
हिंगण्याहून दोन ऑटो बदलून
तोंडाला ओढणी करकचून बांधून
कॉलेजला गेलेली मुलगी आहे मी,
खांबांवर माझा राग नाही.

सातव्या खांबाच्या जागी
केवलरामनं स्टाफ टेकवला, उचलला,
पुन्हा टेकवला.
"इथं नाही जमत, मॅडम."
"काऊन?"
"इथं गाळ नाही ना जी. पायरी हाये.
खालून तिसरी."
बोअरच्या कागदावर: सैल गाळ, चार मीटर.
"ते भोक तिकडं पाडलं त्याइनं.
मशीनीले काय मालूम."

मग पाण्यात पाय फिरवत राहिला,
अंधारात खाटेखाली चप्पल शोधावी तसा,
आणि सांगत गेला.
शिंगाड्याचा डोंगा इथून सुटायचा,
दोन पिंपं, मधे फळी.
रेवता या पायरीवर बसून टोपल्या धुवायची,
एकदा तिचं जोडवं गेलं इथंच,
ते असंल अजून.
ठेका गेला. मग कोणीतरी वेल उपटून
काठावर टाकले, ते तीन दिवस वाळत पडले,
वासानं कुत्रीही फिरकेनात.
"मग?"
"मग काय. मग तुमी आल्या."
हसला. टोमणा नसावा.
असेलही.

शेरा या रकान्याला दीड इंच जागा.
मी लिहिलं: खांब ७. दगड. फेरतपासणी.

डिझाइनच्या निखाते साहेबांनी फोनवर विचारलं,
किती सरकवायचा?
दीड मीटर, सर.
दीडनं काही बिघडत नाही, म्हणाले.
आणि खरंच काही बिघडलं नाही.
खांब सरकला, पायरी राहिली
काँक्रीटच्या वाटेखाली,
जिथे आता ऊनही पोचत नाही.

दोन वर्षांनी, कार्तिकात, संध्याकाळी
मी गाडीतून उतरले, पुलावर आले,
आणि सगळ्यात आधी पाणीच दिसलं.
एक पोरगं कठड्यावर लोंबकळून
आपली थुंकी खाली पोचते का बघत होतं.
त्याची आई फोनवर रिक्षावाल्याशी भांडत होती.
भरलेला तलाव, दिवे, थोडा कुबट वास.
मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

उतारावरच्या फाटकाबाहेर
(आत हातगाड्यांना मनाई)
केवलराम उकडलेले शिंगाडे विकत होता.
"भंडाऱ्याचे हायेत," त्यानं आधीच सांगितलं.
वीस रुपये घेतले. मोजून घेतले.
मी सोलत उभी राहिले, नखं काळी होईतो.

"आज सातव्या पायरीवर हाये पाणी,"
तो तराजू पुसत म्हणाला,
तलावाकडे पाठ करून.

कठड्याच्या टोकाला पाण्यात एक पट्टी आहे,
पांढऱ्यावर लाल आकडे, मीच बसवून घेतलेली.
सहसा कोणी वाचत नाही.
मी परत आत गेले, वाकून वाचली,
पायऱ्यांशी ताडून पाहिली मनातल्या मनात.
चार सेंटिमीटरचा फरक आला.

चूक माझ्या पट्टीची असेल.