कुठला पिवळा

रविवारी साडेदहा, विश्रामबागचा स्टुडिओ.
माणसं सव्वीस, त्यातलं एक पोटात.
रंग ठरवायचं माझ्याकडे आलं,
कारण घरातली वही माझ्याकडे असते.

आधी सगळे मोरपंखी म्हणाले.
मग इचलकरंजीच्या जाऊबाई म्हणाल्या,
मोरपंखी तर निशीच्या साखरपुड्याला झाला की.
अबोली पुरुषांना चालेना.
पांढऱ्यात आपण सगळे दवाखान्यातले वाटतो,
असं मिरजेच्या दवाखान्यात कामाला असलेल्या सन्मतीनंच सांगितलं.
उरला पिवळा.
हळदीवर उभं राहिलेलं घर, दुसरं काय सुचणार.

ग्रुपवर मी एक पिवळा चौकोन टाकला.
खाली अंगठे आले, एकोणीस.
मला वाटलं, झालं.

तेवढ्यात सुकुमारअप्पांचा फोन.
"हा कुठला गं पिवळा?"
हळदीचा, अप्पा.
"कुठल्या हळदीचा?
राजापुरी म्हणावं तर चमक नाही,
सेलम म्हणावं तर एवढी गर्द नाही.
हा भिजलेला माल दिसतोय, पोरी. उचलणार नाही कोणी."

चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळकुंड मोडून,
आतला रंग बघून बोली लावलेला माणूस.
त्याला मी मोबाईलवरचा चौकोन विकत होते.

संध्याकाळी ते स्वतः आले.
उंबऱ्यावरच खिशातून हळकुंड काढलं,
कट्‌कन मोडलं, अर्धं माझ्या हातात दिलं.
"हा," म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी ते कागदात गुंडाळून मी कापडपेठेत.
दुकानदार ठाणामागून ठाण उलगडतोय,
मी प्रत्येकावर मोडलेलं हळकुंड ठेवतेय,
आणि शेजारची गिऱ्हाइकं सरकून बसतायत.
एक जुळलं. उन्हात आणून बघितलं तर जुळेना.
परत आत, ट्यूबखाली, तर हळकुंडच वेगळं.
तिसऱ्या दुकानात मी चपला काढून नुसती बसले.
मुलगा म्हणाला, वहिनी, पाणी देऊ?

रात्री ग्रुपवर लिहिलं:
ज्याच्याकडे जो पिवळा असेल, त्यानं तो घालावा.

आले सगळे.
लिंबू, मोहरी, बेसन, एक उघड उघड केशरी.
पुण्याची नणंद सोनेरी म्हणते त्यात.
ऋषभ क्रिकेटच्या जर्सीत, पाठीवर भलत्याचंच नाव.
आणि राजमतीआक्का एका मातकट साडीत.
मी बघतेय हे बघून म्हणाल्या,
"हापण पिवळाच होता."

मग मला कळलं.
एकोणीस सालच्या पुरात गावभागातल्या घरी
खालच्या खणात जे जे होतं, त्यातली ही.
वर भिंतीवर जुना फोटो होता, तोही भिजला.
काच काढायला गेलो तर चेहरे काचेला चिकटून आले,
पुठ्ठ्यावर टोप्या तेवढ्या राहिल्या, अकरा.

"त्या फोटोत काय रंग होते हो?" मी उगाच विचारलं.
अप्पा म्हणाले, फेटे गुलाबी.
आक्का म्हणाल्या, फेटे कुठले, टोप्या होत्या,
आणि माझं परकर-पोलकं हिरवं.
हिरवं तुझं नव्हतं, शांतीचं होतं.
शांती तेव्हा जन्मली तरी होती का?
फोटोग्राफर म्हणाला, काका, इकडे बघा.
काका बघेनात.

त्यांनी आक्कांचा पदर चिमटीत धरला,
दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला,
जसा नमुना नेतात.
आम्ही थांबलो, सगळे पिवळे.
भाव काही सांगितला नाही.

फोटो तसाच आलाय.
पंचवीस जण समोर बघतायत, न बघणारं एक पोटात,
आणि अप्पांचं नाक पदरात.
हे मोजताना माझा एक आकडा चुकतो, कोणाचा ते सापडत नाही.

भिंतीवर पुराची रेघ रंग दिला तरी उमटते.
तिच्या हातभर वर खिळा मारला.

अर्धं हळकुंड अजून माझ्या पर्समध्ये आहे.
किराण्याची चिठ्ठी, विजेचं बिल, बसचं तिकीट,
बाहेर काढेन ते त्याच रंगाचं निघतं.