टिटवीच्या तारा

हसुराम चोगले पहिल्या बसने खडकवासल्याला येतो.
हर्णैचा. सव्वीस वर्षं भोसरीत टूलरूमला,
पण अजून 'दामण' म्हणतो, 'परबाण' म्हणतो,
आणि आमच्या क्लबातली पोरं हसतात.
आज कुणी हसत नाही.
टिटवीची डोलकाठी आडवी पडलीय
दोन जुन्या टायरांवर
आणि तो उकिडवा बसून
तारेवरून कापसाचा बोळा फिरवतोय.

खालून वर. सावकाश.
एकोणीस पदरांची तार, तीन मिलिमीटर.
पुढची साफ निघाली.
डावी साफ.
उजवी, अगदी वर,
जिथे ती पोलादी नळीत शिरते,
तिथे कापूस अडला.

एवढंच. एक पांढरा तंतू
उन्हात उभा.

"गोड्या पाण्यात गंज धरत नाही," मी म्हणालो.
"कोण म्हणतं?"
मीच. पाच वर्षं.
त्याने भिंग माझ्या हातात दिलं.
चहाच्या रंगाचा ओघळ,
नळीच्या तोंडाशी तीन पदर तुटलेले,
चौथा विचारात.

नोंदवही माझ्याकडे असते.
मी चाकणला गुणवत्ता तपासतो,
दिवसाला चारशे ब्रेक-ड्रम, एकेकावर माझा शिक्का.
मागचा ऑक्टोबर, पान सदतीस:
'उजवी तार – ठीक. काठीचं टोक – ठीक.'
अक्षर माझंच.
त्या दिवशी काठी उतरवलीच नव्हती.
खालून पाहिलं होतं, कपाळावर हात धरून.
पलीकडे कुणीतरी कांदाभजी तळत होतं.

मग मार्चमध्ये, गडावरून झपकन वारा उतरला तेव्हा
शर्वाणी धाडवे, वय तेरा,
धरणाच्या भिंतीकडे सुसाट निघाली होती,
उजव्या काठाबाहेर झुकून, वेणी पाण्यात,
किंचाळत, हसत.
मी फोटो काढला. अजून फोनमध्ये आहे.
फोटोत ती तार आहे.

काही झालं नाही.
काही झालं नाही, असं मी दोनदा म्हणालो.
हसुराम म्हणाला, "पक्कड द्या."

बोहरी आळीत चौथ्या दुकानात तार मिळाली.
"गॅलरीला लावताय?"
होडीला, म्हटल्यावर मालकाने चष्मा वर केला:
"पुण्यात?"
आणि फूटभर जास्त कापून दिली.

दोन्ही बाजूंच्या बदलल्या. डावी तर चांगली होती, मी म्हटलं.
"बैलजोडीत एक म्हातारा, एक तरणा.
गाडी कुठं जाईल?"
जुन्या पिनाही त्याने परत घेऊ दिल्या नाहीत,
वाकवून डब्यात टाकल्या,
म्हणजे माझ्यासारख्या कुणाला मोह नको.

काठी उभी राहिली. टोकाला टेप बांधून
त्याने डावा काठ मोजला, उजवा मोजला.
चार मिलिमीटरचा फरक. सोडलं. पुन्हा मोजलं.
आता हा तार छेडणार, कान लावणार,
आणि मी तंबोऱ्याबद्दल काहीतरी म्हणणार,
अशा तयारीत होतो.
त्याने ताणमापक लावला.
"अठ्ठावीस. डावीला पंचवीस. अर्धा फेरा अजून."

पाण्यावर गेल्यावर बोलला थोडं.
वाऱ्याकडची ताठ पाहिजे.
आडोशाची जरा सैल,
"लोंबायची नाही. पण हटून पण बसायची नाही."
टिटवी वळताना कण्हायची पूर्वी.
आम्ही तिचा स्वभाव समजायचो.
आज ती वळली
आणि मला फक्त पाणी ऐकू आलं,
हेच पाणी, जे रात्री आमच्या नळाला येतं.

किनाऱ्यावर पान सदतीस उघडलं.
'ठीक'वर रेघ मारली,
शेजारी लिहिलं: 'पाहिलं नव्हतं.'
सही. आजची तारीख.

शर्वाणी खांद्यावरून वाचत होती.
"म्हणजे काय, काका?"
मी जुन्या तारेचा तुकडा पुढे केला.
तिने बोट लावलं.
टोचलं.
बोट तोंडात धरून ती माझ्याकडे बघत राहिली,
बराच वेळ, काही न विचारता,
मग हसुरामकडून कापूस मागून घेतला
आणि शेजारच्या होडीकडे गेली.