चाकांची खोली

ताळगावच्या वळणावर इनासचं दुकान.
छताला रिंगा टांगलेल्या,
चाळीस, पन्नास, साठ, ऐंशी.
ही मिलीमीटरमधली खोली,
पण इनास सांगतो ती
सोयरिकीला आलेल्या पोरींची वयं सांगावीत तशी.
"वजन कितलें गो तुजें, प्रशिला?"
एक्कावन्न, मी म्हणते. जेवल्यावर.
मासळी तोलणाऱ्याच्या डोळ्यांनी तो मला बघतो
आणि ऐंशीचं चाक पुन्हा हुकाला लावतो.

मी हट्टी.
तीन वर्षं बांबोळीला लॅबमध्ये रात्रपाळ्या मागून घेतल्या,
परक्यांचं रक्त फिरवलं,
मिनिटाला तीन हजार फेरे.
फिरणाऱ्या वस्तूंबद्दल
मला कुणी शिकवू नये.

गेल्या साली करंझाळ्याच्या पाण्यातून
मी अकरावी बाहेर आले.
सायकलवर सव्वीस जणी पुढे गेल्या.
त्यातल्या एकीची चाकं
अशी घुमत गेली
की रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी बोलतंय.
नंतर धावताना माझ्या कानात तोच आवाज,
पाय दुखायचेही विसरले.
किंमत मागाहून कळली:
एक लाख चाळीस हजार, टायर वेगळे.

"शनिवारी ने, सोमवारी हाड," इनास म्हणाला,
"मदीं पडूं नाका."

रविवारी जुन्या गोव्याकडून परतताना
पहिली पंधरा मिनिटं
मी कुणाचीच कुणी नव्हते.
कोपर टेकलेले, हनुवटी खाली,
आकडा चौतीस, छत्तीस,
क्षणभर अडतीस,
आणि खालून तो पिंपातला आवाज,
आता माझा.

मग रायबंदरचा बांध.
डावीकडे खारी जमीन, उजवीकडे मांडवी,
आणि नदीवरून साडेदहाचा वारा.
आडवा.
त्याने मला नाही, पुढचं चाक धरलं,
जत्रेत पोराचं बखोट धरतात तसं.
हँडल माझ्या मुठीत होतं,
एवढंच.
कठड्याशी गळ टाकून बसलेल्या माणसाने
मान न वळवता
आपली बालदी पायाजवळ ओढून घेतली.

उरलेला बांध मी सरळ बसून काढला,
एकोणीसच्या वेगाने,
सगळ्या वाऱ्याला छाती देऊन.
ऐंशी मिलीमीटर कार्बनवर
बाजारातून कोथिंबीर आणायला निघालेली बाई.

सोमवारी मी काही बोलले नाही.
इनासनेही विचारलं नाही,
ब्रेकच्या मुठीवरचा घाम त्याने फडक्याने पुसला.
मग म्हणाला, चाक वाचवून देईल आठ वॅट, फार तर दहा.
वारा अडवतेस तू. तुझे खांदे,
तुझं ते फडफडणारं जर्सी.
आधी एक मापाचं शिवून घे.
टायर अठ्ठावीसचा लाव,
रस्ते आपले आहेत, फ्रान्सचे नाहीत.

मी रिंगांखाली उभी राहिले बराच वेळ.
पुढचं चाक वळतं, म्हणून वाऱ्याचं ऐकतं.
मागचं वळत नाही, सरळ चालतं,
माझ्या मोठ्या दिराइतकं.
पुढे चाळीस दे, म्हटलं. मागे साठ.

इनासने पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली.
जोडी मोडते, म्हणाला.
दोन खोकी उघडावी लागतील,
आणि उरलेल्यांचं काय करू,
पुढचं साठ, मागचं चाळीस?
मी पैसे मोजले, पुन्हा मोजले,
चारशे कमी निघाले. त्याने नंतर दे म्हटलं.

स्पर्धेला एकवीस दिवस आहेत.
वारा त्या दिवशी कुठून येईल
हे बांधावरच्या गळवाल्यालाही माहीत नसणार.

निघताना वर पाहिलं.
उरलेली दोघं शेजारी टांगली होती,
पंख्याच्या वाऱ्यावर सावकाश फिरत,
एक इकडे, एक तिकडे.
यांना कोण नेणार रे, मी विचारलं.

"आसतलो कोण तरी,"
इनास शटर ओढत म्हणाला,
"उरफाटो."