शेड आणि शॅडो

सीताबर्डीत चपलांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
संध्याकाळी सातला माझा इंग्रजीचा वर्ग भरतो.
मे महिन्यात कूलरचा आवाज इतका
की व्याकरण ओरडून शिकवावं लागतं.

शेवटच्या बाकावर तानबाजी गजभिये,
महापालिकेच्या उद्यान विभागातून रिटायर.
"छत्तीस वर्षं इंग्रजी कागदायवर सह्या केल्या म्याडम,
आता पाह्यतो, कायच्यावर केल्या."

त्या दिवशी फळ्यावर लिहिलं : शेड. शॅडो.
म्हटलं, शॅडोला कडा असते,
ती कोणाची तरी असते,
मोजता येते, एक, दोन, तीन.
शेड मोजत नाहीत, तिच्यात बसतात.
मनात आलं, आपली मराठी किती कंजूष,
दोघींना मिळून एकच सावली.
मग सुचलं, मराठी हा फरक क्रियापदात ठेवते :
एक सावली पडते,
एक मिळते.
स्वतःवरच खूश झाले. तेही लिहिलं फळ्यावर.

तानबाजींनी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.
"म्हणजे म्याडम, माया आज्याची होती थे शॅडो.
पाटलाच्या विहिरीवर पडू द्याची नाही
म्हणून आजा लांबून जाये.
दुपारी थोडा लांबून,
दिवस कलला का आणखीन लांबून.
किती लांबून, थे ऊन ठरवे.
अन् त्याच वाटेवर त्यानं कडुनिंब लावला होता,
त्याच्याखाली पाटील खाट टाकून झोपे.
थे शेड."
मग जरा थांबून,
"बरोबर हाय ना वो?"

मी म्हटलं, बरोबर.
खडू हातात तसाच.
कुणीतरी कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं.
कोणत्या शब्दाआधी 'अ' लागतो, कोणत्या नाही,
ते शिकवायचं राहूनच गेलं.

सव्वीस मे. बाराला दहा मिनिटं वर.
झिरो माइलजवळ सिग्नलला थांबले,
डोक्यावर हिरवी जाळी,
जाळीखाली आम्ही पंधरा-वीस स्कूटर, एक ऑटो,
ओळख नसताना एकमेकांना खेटून.

पलीकडे भर उन्हात तानबाजी.
डोक्याला ओला दुपट्टा,
समोर डांबरावर उपडा ठेवलेला स्टीलचा पेला.
पेपरात आलं होतं, आज दुपारी
सूर्य बरोब्बर माथ्यावर, सावली गायब.
पेल्याला नव्हती.
खांबाला नव्हती, हवालदाराला नव्हती,
कारमधून उतरून फोनवर भांडणाऱ्या माणसालाही नव्हती.
तानबाजींची त्यांच्या चपलांत शिरलेली.

मला पाहून ते ओरडले, "म्याडम, नो शॅडो!"
मी म्हटलं, अहो ऊन लागेल,
इकडे या, शेडमध्ये.

त्यांनी खाली पाहिलं, मग आजूबाजूला,
एकेकाच्या पायांकडे, सावकाश,
हजेरी घ्यावी तसं.
"उभं राहू द्या ना वो.
एक मिनिटच असते."

सिग्नल हिरवा झाला.
मागचे हॉर्न वाजवत राहिले.