अठरा मिनिटं

नारायण पेठेत, अडकरांच्या छापखान्यात
मी पंचांगाची मुद्रितं तपासते. एकवीस वर्षं.
पुढल्या वर्षीची ग्रहणं मला यंदाच्या आषाढात कळतात,
संकष्टीला चंद्र किती वाजता उगवणार
ते चंद्राच्याही आधी.
पेठेतल्या बायकांना वाटतं, हिला सगळं माहीत.
मला फक्त आकडे माहीत.
एक आणि नऊ लांबून भावंडं दिसतात,
सहाचं पोट नीट उमटलं नाही की तो कुणाचाच राहत नाही.

त्या दिवशी वीज गेली होती.
वैशाखाचं पान. हस्तलिखितात मुहूर्त दहा चोवीस,
मुद्रितात दोन आणि चार जागा बदलून बसलेले:
दहा बेचाळीस.
लाल पेन हातातच होतं.
मी ते पाहिलं की नाही पाहिलं,
इथे माझी आठवण दर वेळी साक्ष फिरवते.
कधी म्हणते, तेवढ्यात चहावाला पोरगा आला,
सुट्टे पैसे शोधण्यात ओळ निसटली.
कधी म्हणते, पाहिलंस बाई तू, चांगलं पाहिलंस,
आणि पान उलटलंस.

एरंडवण्यातलं कार्यालय. आमच्या समोरच्या इमारतीतली ऋजुता.
पत्रिकेवर दुसऱ्या कुठल्या पंचांगातले चोवीस,
गुरुजींच्या हातात आमचं.
“थांबा. बेचाळीसला आहे.”
मुलाचे काका चष्मा पुसून पुढे आले,
वाद झाला, अगदी पुणेरी, आवाज न चढवता.
पंचांग जिंकलं.
अडीचशे माणसं मुठीत अक्षता घेऊन उभी,
घामाने तळवे कुंकवाचे झाले. माझाही.
ऋजुता गौरीहरापुढून उठली,
मठ्ठ्याच्या पातेल्यांपाशी चप्पल शोधली, मागच्या दाराने गेली.
आणि रिक्षावाला पहिल्याच हाकेला हो म्हणाला.
या शहरात तोही एक योगच.

नवरा मुलगा पंगतीत जाऊन बसला.
जिलेबी गार होईल म्हणाला.
त्याने काय निवडलं, काय त्याच्या वाट्याला आलं,
हे त्याला कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

(माझ्या लग्नात मुहूर्त अचूक साधला होता,
घड्याळ रेडिओवर लावून, सेकंदाला सेकंद.
त्याबद्दल पुन्हा कधी.)

दोन वर्षांनी नळस्टॉपच्या सिग्नलला
शेजारच्या स्कूटरवर तीच. काच वर केली, हसली.
मी एकदम सांगून टाकलं: चोवीस, बेचाळीस, लाल पेन.
“अठरा मिनिटांचं काय घेऊन बसलात, काकू!
मामा येणार, हात धरणार, मी उठणार,
मला ते इतकं स्वच्छ दिसलं,
कुणी आधीच छापून ठेवल्यासारखं.
म्हणून उठले.
मामा यायच्या आत.”

तुझं ते आधी उठणं, पोरी,
ते कुठल्या पानावर होतं?
विचारणार होते. साठ आकडे उतरत उतरत
तीन, दोन, एक झाले,
मागून हॉर्न सुरू झाले,
ती डावीकडे वळली, मी सरळ गेले.
मलाही डावीकडेच जायचं होतं,
हे पौडफाट्यावर आठवलं.

आज पुन्हा वैशाखाचं पान आलंय.
ओला वास, शाई बोटाला लागतेय.
तीनदा वाचलं. सगळे आकडे बरोबर.
आतून अडकर ओरडताहेत, “झालं का हो?”
झालंय.
पेनाला टोपण तेवढं लावलेलं नाही अजून.