तुमची गाडी पाण्यात आहे

आरशाच्या वर, छताला, एक तांबडं बटण,
त्यावर काचेचं टोपण, बाजूला मिऱ्याएवढा दिवा.
दिवा हिरवा तर सगळं ठीक. तांबडा तर
मदत मागता येणार नाही,
असं गाडीच्या पुस्तकात पान एकशे बेचाळीसवर.
आमचा दिवा आठवडाभर तांबडा असतो
आणि मनात आलं की हिरवा होऊन
आपणहून फोन लावतो.

पहिल्यांदा लावला तो दुर्भाटच्या फेरीबोटीत.
मी हँडब्रेक ओढून कठड्याशी उभा,
आणि रिकाम्या गाडीतून आवाज:
नमस्कार, मी अनुप्रिया, आपण सुरक्षित आहात का?
खिडकीतून डोकं आत घातलं. हो म्हटलं.
सर, तुमची गाडी पाण्यात दिसतेय.
पाण्यातच आहे.
ती थोडी थांबली.
किती पाण्यात, सर?

जुवारी किती खोल, मला काय ठाऊक.
शेजारी स्कूटरवर बांगड्यांची पाटी घेऊन बसलेली बाई म्हणाली,
सांग तिका, भरती आसा.
दारं उघडतायत का? पट्टा कापायला काही आहे का?
मग मी समजावत बसलो, ही बोट आहे,
लोखंडाची, सपाट, हिच्यावर गाड्या चढतात,
आमच्याकडे नदी अशीच ओलांडतात.
म्हणजे गाडी बोटीत आणि बोट पाण्यात.
हो.
आणि बोट सुरक्षित आहे?
हे मी वर सुकाणूवरच्या सोयरूला विचारलं.
तो म्हणाला, आयज तरी.

कुर्टीच्या गॅरेजात कुस्तोदने छताचं अस्तर उसवलं,
वायरी नाकाशी धरून हुंगल्या,
बॅटरी बदलली, ती चूक नव्हती.
अँटेना बदलली, तीही नव्हती.
शेवटी हात पुसत म्हणाला,
सेन्सर बरो आसा. गाडीच भियेता.
बिलावर मात्र त्याने 'चेकअप' लिहिलं.

मार्गशीर्षात एका रात्री बाबांच्या छातीवर
कुणीतरी घण ठेवला. हे त्यांचे शब्द.
मडगावला निघालो तर बोरीच्या पुलावर टँकर आडवा.
धक्क्याकडे वळवली. शेवटची फेरी होऊन गेलेली,
बोट पलीकडे रासईला, काळोखात बांधलेली.
मोबाइलला रेंज नाही.
टोपण सरकवलं. बटण दाबलं.
अंगठ्याचं नख पांढरं होईस्तोवर दाबलं.
तांबडा. तांबडा.
हॉर्न दिला, तर गावातली कुत्री तेवढी उठली.

मागून बाबा म्हणाले, काच सकयल घे.
तीस वर्षं रेतीच्या होडीवर काढलेला माणूस.
त्यांनी मान बाहेर काढली
आणि हाक मारली. मोठ्याने नाही. लांब.
चपटा दगड पाण्यावरून फेकावा
तशी ती टप्पे घेत गेली:
आगा सोयरू...

बराच वेळ काही नाही.
मग पलीकडे एक बल्ब लागला.
कोण रे?
हांव. मरूंक लागलां. बेगीन यो.
आणि इंजिन खोकलं.

नदीच्या मध्यावर दिवा हिरवा झाला.
नमस्कार, आपण सुरक्षित आहात का?
दुसरीच कुणी होती, झोपेतून उठल्यासारखी.
सर, तुमची गाडी पाण्यात...
माहीत आहे, म्हटलं. अर्ध्यात आहे. नीट ऐका.
पलीकडच्या काठावर अँब्युलन्स पाठवा.
कुठला काठ, सर? मला इथून दोन्ही सारखेच दिसतात.

मी हेडलाइट लावले.
रासईचा उतार उजळला, शेवाळ चढलेला,
त्यावर एक कुत्रं उभं, आमच्याकडेच बघत.
मी तिला नाव सांगितलं. तिला कळेना.
अक्षरं फोडून सांगितलं, रा, स, ई.
मागच्या सीटवर बाबा हसायला गेले,
हसू अर्ध्यावर दुखलं.
डोळे मिटूनच म्हणाले,
तिका सांग, भरती आसा.